चष्मा : आहे / नाही

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी पुण्याला लेकीकडे महिनाभर मुक्काम होता. नातीच्या डोळ्यांचे ऑपरेशन होते. चष्मा घालवण्याचे, लेझरचे. साताऱ्याला परत आल्यापासून ज्याचा त्याचा फोन येतो आणि मी तेच ते सांगते. दुखले का, किती वेळ लागला, चष्मा खरेच गेला का, खर्च किती आला, आमच्या मुलीचे करावे का. म्हटले, एकदा लिहूनच टाकावे. शिवाय फोनवर सांगता येत नाही असेही काही मनात आहे. तेही यानिमित्ताने लिहिते.

वधूवर सूचक मंडळाचा छापील फॉर्म तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी भरला असेल. नाव, जन्मवेळ, गोत्र, रक्तगट, उंची, वर्ण आणि मग एक ओळ असते, 'चष्मा : आहे / नाही'. नको ते खोडायचे. आवडनिवड, वाचन, स्वभाव यांना फॉर्मवर जागा नसली तरी चालते, पण चष्म्याला स्वतंत्र ओळ असते. हा सगळा लेख त्या एका ओळीबद्दल आहे म्हणा ना!

माझ्यापासूनच सुरुवात करते. मला आठवीत चष्मा लागला. १९६४ साल. बी. ए. होईपर्यंत नंबर उणे चारच्या आसपास गेला होता. १९७४ साली मला बघायला मंडळी येणार म्हटल्यावर आईने सकाळीच चष्मा काढून फडताळात ठेवला. "तासाभराचा तर प्रश्न आहे. पायाखाली बघून चाल म्हणजे झालं." मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा समोर चार पांढुरके आकार बसलेले होते. त्यातला नवरा मुलगा कोणता हे मला आवाजावरून कळले. कुणीतरी "नोकरी करायची इच्छा आहे का?" असे विचारले. आवाज बरा वाटला. त्या आवाजाला मी "हो" म्हणाले. आमच्या 'ह्यां'चा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला तो लग्नानंतर, सासरी निघालेल्या एसटीत. पर्समधून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. हे आधी दचकले आणि मग हसायला लागले. म्हणाले, "मग आता तरी बघ नीट. परत जायचं असेल तर पुढच्या थांब्याला उतरू."

हे हसले, पण सासूबाई हसल्या नाहीत. "फसवलं" हा शब्द त्या घरात मी पुढची कितीतरी वर्षे ऐकला. आमटी खारट झाली तरी तो शब्द यायचा. त्यांची बाजू मला आज समजते. त्यांच्यापासून एक गोष्ट लपवली होती हे खरेच होते. पण लपवण्यासारखे त्यात काय होते, हे मात्र मला आजही समजलेले नाही.

आता नातीकडे येते. ती सत्तावीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते, नंबर उणे साडेपाच. दोन वर्षांपूर्वी तिला एक स्थळ आले होते. सगळे छान जुळत आले. मुलगा चांगला, घर चांगले. तिसऱ्या भेटीत मुलाच्या आई गोड आवाजात म्हणाल्या, "लग्नाआधी ते लेझर करून घ्याल ना? हल्ली दहा मिनिटांचं काम असतं म्हणतात. फोटो पण चांगले येतात." लेक गप्प बसली. जावयांनी माझ्याकडे पाहिले. नात शांतपणे म्हणाली, "काकू, नंबर माझा आहे. मी ठरवीन." पुढे ते स्थळ बारगळले. कुणी भांडले नाही, कुणी रुसले नाही. फोन येणे कमी होत गेले आणि मग थांबले.

मला तेव्हा तिचा फार अभिमान वाटला होता. म्हणूनच गेल्या दिवाळीनंतर तिचा फोन आला, "आजी, मी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतेय," तेव्हा मला धक्काच बसला. मी तिला बरेच बोलले. म्हणाले, एवढे ताठ मानेने त्या बाईंना सांगितलेस आणि आता स्वतःहून चाललीस? धडधाकट डोळ्यांना कशाला हात लावायचा? मी पंचावन्न वर्षे चष्मा वापरला, माझे काय अडले?

तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आजी, तू मोतीबिंदूचं ऑपरेशन केलंस तेव्हा तुझा दूरचा नंबर गेला. खिडकीतून अजिंक्यतारा चष्म्याशिवाय दिसतोय म्हणून तू मला सकाळी सहाला फोन केला होतास. आठवतं?"

आठवते की. २०१९ ची गोष्ट. आणि मी नुसता फोन केला नव्हता, मी रडले होते.

मग तिने आपली कारणे सांगितली. पावसात दुचाकीवर काचेवर थेंब आणि हेल्मेटमध्ये वाफ. ट्रेकला जाताना पडला तर म्हणून बरोबर दुसरा चष्मा. रात्री जाग आली की आधी उशाशी चाचपणे. कॉन्टॅक्ट लेन्स लावून दिवसभर संगणकापुढे बसले की संध्याकाळी डोळे लाल. त्यात फोटो नव्हता, लग्न नव्हते, सासूबाई नव्हत्या. मी निरुत्तर झाले. ऑपरेशन तेच, डोळे तेच. पण दोन वर्षांपूर्वी ते करणे म्हणजे अट मान्य करणे होते आणि आता ती तिची स्वतःची सोय होती. हा फरक मला, मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला, तिने समजावून सांगावा लागला!

पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. आपली इच्छा असली म्हणजे आपले डोळे त्याला तयार असतातच असे नाही.

पहिल्यांदा ती जिथे गेली तिथल्या दर्शनी फलकावर नटलेल्या नवरीचा फोटो होता आणि खाली सवलतीची तारीख. पांढरा कोट घातलेल्या एका मुलीने तिला तीन दर दाखवले. साधे, मधले आणि भारी. साडीच्या दुकानात दाखवतात तसे. "या आठवड्यात नक्की केलंत तर बरंच कमी होईल." तपासणी व्हायची होती आणि पैशांचे बोलणे आधी झाले. डॉक्टर भेटले ते जेमतेम पाच मिनिटे. नातीने विचारले, "काही धोका?" तर उत्तर आले, "आम्ही रोज करतो." हे काही उत्तर नव्हे. एसटीचा ड्रायव्हरही रोज गाडी चालवतो, म्हणून घाटात वळण नसते असे नाही.

लेकीने तिला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्या वेळी मीही बरोबर होते. तिथे तीन तास गेले आणि पहिल्या दिवशी ऑपरेशनचा विषयच निघाला नाही. आधी, कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर दोन आठवडे बंद करा आणि मग परत या, असे सांगून त्यांनी घरी पाठवले. लेन्समुळे डोळ्याच्या पुढच्या भागाचा आकार थोडा बदललेला असतो, मोजमापे चुकतात म्हणे. नंबर गेल्या वर्षभरात वाढला आहे का, हे बघायला जुन्या चिठ्ठ्या मागितल्या. घरात कुणाच्या डोळ्याचा पडदा सरकला होता का, तुला डोळे चोळायची सवय आहे का, दिवस गेले आहेत का, असे सगळे विचारले. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना हे ऑपरेशन करत नाहीत, कारण त्या काळात नंबर बदलू शकतो.

दोन आठवड्यांनी परत गेलो तेव्हा मोजमापे झाली. मला त्यातले जेवढे कळले तेवढे सांगते. माझ्यासारख्या बी. ए. मराठीला कळले म्हणजे तुम्हाला नक्कीच कळेल.

आपल्या बुबुळासमोर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. बाहेरून आलेला प्रकाश जास्तीत जास्त वळवतो तो हा पडदा. ज्यांना दूरचे दिसत नाही त्यांचा डोळा बहुधा थोडा लांबट असतो, त्यामुळे चित्र मागच्या पडद्यावर पडायच्या ऐवजी त्याच्या अलीकडेच तयार होते. चष्म्याची काच ते चित्र मागे ढकलते. लेझरचे ऑपरेशन वेगळे काही करत नाही, तेच काम ते कॉर्नियाचा मध्यभाग किंचित सपाट करून साधते. म्हणजे चष्म्याचा नंबर डोळ्यावरच कोरायचा. त्यासाठी कॉर्नियाचा अगदी थोडा भाग कायमचा काढून टाकावा लागतो. तो परत येत नाही.

हा 'थोडा भाग' म्हणजे किती, ते बाईंनी कागदावर गणित मांडून दाखवले. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. नातीच्या कॉर्नियाची जाडी ५३२ मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. त्यातला वरचा सुमारे ११० मायक्रॉनचा पापुद्रा पुस्तकाचे पान उलटावे तसा बाजूला करायचा. खालचा सुमारे ८० मायक्रॉन भाग लेझरने काढायचा. मग पान परत मिटवायचे. खाली अखंड उरले सुमारे ३४० मायक्रॉन. "मला तीनशेच्या वर हवेत. ते आहेत, म्हणून मी पुढचं बोलते," त्या म्हणाल्या. जाडी पुरेशी नसेल, किंवा यंत्रावर काढलेल्या नकाशात कॉर्निया एका बाजूला कमकुवत असल्याची शंका आली, तर त्या ऑपरेशन करत नाहीत. कारण अशा डोळ्याचा पडदा नंतर फुगत जाऊन शंकूसारखा होऊ शकतो आणि मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. आमच्या आधी आत गेलेली एक मुलगी याच कारणाने 'नाही' ऐकून बाहेर आली. तिच्या आईचा चेहरा पडला होता. मला वाटले, अहो, त्या मुलीने आज नशीब काढले! 'नाही' म्हणणारा डॉक्टर भेटणे हीच खरी सवलत.

नंतर बाहुली मोठी करणारे औषध घालून डोळ्याचा मागचा पडदाही तपासला. याचे कारण मला महत्त्वाचे वाटले. ऑपरेशनने नंबर जातो, पण डोळ्याची लांबी कमी होत नाही. मोठा नंबर असणाऱ्यांच्या मागच्या पडद्याला भोक पडण्याचा किंवा तो सुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो आणि चष्मा गेल्यावरही तो तसाच राहतो. म्हणून चष्मा गेला तरी पडद्याची तपासणी चालू ठेवायची. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके वाढले, विजा चमकल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पळायचे.

धोकेही बाईंनी न विचारता सांगितले. डोळे कोरडे पडतात, बहुतेकांना काही महिने, थोड्यांना त्याहून जास्त. रात्री गाडीच्या दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. थोडासा नंबर उरू शकतो किंवा काही वर्षांनी परत येऊ शकतो. आणि चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागायचा तो लागणारच, कारण तो डोळ्याच्या आतल्या भिंगाची लवचिकता कमी झाल्याने लागतो, त्याचा कॉर्नियाशी संबंध नाही. म्हणजे फलकावर लिहितात तसा 'चष्म्याला कायमचा रामराम' वगैरे काही नसतो. रामराम म्हणायचा, पण तो चाळिशीला परत दारात येणार हे धरून चालायचे.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघी, लेक आणि मी, बाहेर बसलो. मी जपमाळ नेली होती, पण ती पर्समधून काढायलाही वेळ झाला नाही. दोन्ही डोळ्यांचे मिळून अर्ध्या तासाच्या आत आटोपले. आतले नातीकडून ऐकलेले सांगते. भूल म्हणून नुसते थेंब घालतात, इंजेक्शन नाही. पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा लावतात. मग डोळ्यावर काहीतरी दाबल्यासारखे होते आणि काही क्षण सगळे अंधारते. तेवढे घाबरवते. मग समोरच्या दिव्याकडे बघत राहायचे. खरे लेझर चालते ते काही सेकंद. तेव्हा केस जळल्यासारखा वास आला म्हणे. तिने धास्तावून विचारले तर बाई म्हणाल्या, "येतो तसा वास. बोलू नका, दिव्याकडे बघा." बाहेर आली ती काळा चष्मा लावून. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपत होते, पाणी येत होते. औषध घालून झोपवले. रात्री झोपेत डोळे चोळले जाऊ नयेत म्हणून डोळ्यांवर प्लॅस्टिकच्या पारदर्शक वाट्या चिकटवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, तुझ्या मागच्या कॅलेंडरवर आज संकष्टी लिहिलीय." मी म्हटले, "अगं, आधी दात घास." दुसरे काही बोलायला सुचेना.

आता आठ महिने झाले. नंबर नाही. डोळ्यांत ओलाव्याचे थेंब अजून दिवसातून दोनदा घालते. रात्री दिव्यांभोवती थोडी वलये दिसायची ती कमी झाली आहेत. ती समाधानी आहे, आणि खरे सांगायचे तर मीही.

या लेझरमागची एक गोष्ट नातीनेच मला शोधून दिली. १९८१ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम हे तिघे एका प्रकारच्या अतिनील लेझरवर काम करत होते. श्रीनिवासन मूळचे आपले, मद्रास विद्यापीठात शिकलेले. त्यांच्याकडच्या सणाला टर्की पक्षी शिजवतात, त्याचे उरलेसुरले मांस ते दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि त्यावर लेझर सोडून पाहिला. कापलेली रेघ अगदी स्वच्छ आली, बाजूला कुठे भाजले नाही की करपले नाही. पुढे स्टीव्हन ट्रोकेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे कॉर्नियासाठी वापरता येईल हे ओळखले. २०१३ साली त्या तिघांना अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते राष्ट्रीय पदक मिळाले. सणाच्या उरलेल्या जेवणातून एवढे मोठे काम निघाले. आपल्याकडे उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा होतो! गमतीचा भाग सोडा. मला म्हणायचे आहे ते हे की, हे विज्ञान मोठे आहे, त्याला नावे ठेवण्याचा माझा अजिबात हेतू नाही.

आणखी एक उपयोगाची गोष्ट सांगते, ती विसरू नका. लोक मोतीबिंदूलाही सरसकट 'लेझरने काढला' म्हणतात. माझाही लेझरने काढला असे मी वर्षभर सांगत होते. डॉक्टरांनी चूक दुरुस्त केली. बहुतेक मोतीबिंदू ध्वनिलहरींनी फोडून काढतात आणि आत कृत्रिम भिंग बसवतात. ते भिंग किती नंबरचे बसवायचे हे कॉर्नियाच्या गोलाईवरून काढतात. ज्यांनी तरुणपणी लेझर करून गोलाई बदलून घेतली आहे त्यांचे हे गणित अवघड होते. म्हणून नातीच्या ऑपरेशनआधीची मोजमापे, जुना नंबर आणि ऑपरेशनचा अहवाल, सगळी फाईल मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या आईच्या कपाटात ठेवली आहे. पंचवीस-तीस वर्षांनी लागेल. तेव्हा मी नसेन, पण फाईल असेल.

हे झाले ऑपरेशनचे. आता मी ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

ऐंशीच्या दशकात मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवत होते. सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. शुद्धलेखन तोंडी घातले की तिची एक चूक नसे. फळ्यावरचे उतरवून घ्या म्हटले की पानभर गोंधळ, नाहीतर शेजारणीच्या वहीत डोके. मी तिला नक्कल करते म्हणून दोनदा वर्गाबाहेर उभे केले. तोंडी बरोबर आणि फळ्यावरचे चूक, याचा अर्थ काय होतो हे माझ्या लक्षात यायला हवे होते. मी स्वतः चष्मेवाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एकदा मधल्या सुट्टीत मी टेबलावर चष्मा विसरले. परत आले तर ती पोरगी माझा चष्मा लावून बाकाजवळ उभी. मी रागावून पुढे झाले. ती चष्मा न काढताच म्हणाली, "बाई, ह्यातनं फळा दिसतोय."

मी तिच्या वडिलांना शाळेत बोलावले. डोळे तपासा म्हटले. चष्म्याचे पैसे मी देते म्हटले. ते नम्र माणूस होते, हात जोडून उभे होते. म्हणाले, "बाई, पैशाचं नाही. चष्म्याची पोरगी कोण करून घेणार? फळा दिसला न्हाई तर चालंल, पोरगी घरात राहिली तर चालायचं न्हाई." मी दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. उपयोग झाला नाही. सातवीनंतर ती शाळेत आली नाही.

पंधराएक वर्षांनी सातारा स्टँडवर मी गाडीची वाट बघत होते. कडेवर मूल घेतलेली एक बाई जवळ आली, डोळे बारीक करून पाटीकडे बघत होती. मला म्हणाली, "ही गाडी कुठली हो?" मी म्हटले, "कोरेगावची." ती एकदम वळली. "बाई, तुम्ही?" चेहऱ्यावरून तिने मला ओळखले नव्हते, आवाजावरून ओळखले. तिच्या डोळ्यांवर तेव्हाही चष्मा नव्हता. गाडी सुटायला आली होती. "बरं चाललंय," एवढेच ती म्हणाली आणि चढली.

तिला पाटी वाचता येत होती, हो. मीच तिला शिकवले होते. तिला पाटी दिसत नव्हती.

फॉर्मवरची ती ओळ बघितली की मला ही मुलगी आठवते. तुम्ही म्हणाल, आता काळ बदलला. बदलला खरा. आता वडील चष्मा नाकारत नाहीत, लेझरचे पैसे भरतात. पण प्रश्न तोच राहिला आहे. १९७४ साली माझ्या आईने चष्मा फडताळात ठेवला, त्या बापाने तो घेऊच दिला नाही आणि दोन वर्षांपूर्वी त्या गोड आवाजाच्या काकूंनी तो ऑपरेशन करून काढायला सांगितला. तिघांच्याही मनात मुलीला कसे दिसते हा विचार नव्हता, मुलगी कशी दिसते हा होता.

म्हणून माझे मत असे आहे. ज्याला स्वतःच्या सोयीसाठी हे ऑपरेशन करायचे आहे त्याने खुशाल करावे. घाई करू नये, मोजमापे समजून घ्यावीत, कागद जपावेत, आणि डॉक्टरांनी 'नाही' म्हटले तर त्यांचे आभार मानून चष्म्याची नवी फ्रेम घ्यावी. पण लग्नाची अट म्हणून कुणीही कुणाच्या डोळ्याला हात लावायला सांगू नये, आणि कुणी सांगितले तर ऐकू नये. ज्यांना चष्म्याची मुलगी नको आहे त्यांना उद्या चाळिशीचा चष्मा लागलेली सूनही नको होईल. मग काय करणार?

घरात लहान मुले असतील तर एक करा. पोर टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसते, पुस्तक नाकाला लावते, फळ्यावरचे चुकीचे उतरवते, तर आधी डोळे तपासा आणि मग रागवा. मी उलटे केले होते.

आणि नातलगांपैकी जे वधूवर मंडळांचे काम बघतात (आपल्यात दोघे तरी आहेत, त्यांना मी कुणाबद्दल बोलते ते कळले असेल) त्यांना विनंती, पुढच्या वेळी फॉर्म छापायला द्याल तेव्हा ती एक ओळ काढून टाका. जागा रिकामी राहते असे वाटले तर तिथे 'वाचनाची आवड : आहे / नाही' असे छापा. निदान चष्म्याचे कारण तरी कळेल.

नातीसाठी सध्या पुन्हा स्थळे बघणे चालू आहे. परवा एक फॉर्म आला. लेकीने विचारले, "आई, आता इथे काय लिहायचं?" नात म्हणाली, "काही लिहू नकोस. कोरं सोड. कुणी विचारलंच तर विचारू, तुम्हाला का हवंय?"

तसेच सोडले आहे. बघू कोण विचारते ते.